बाहीचं माप

चेरी हिल, न्यू जर्सी
रविवार, १४ जून २०२६

शिवा,

फाल्गुनात तू ओमच्या कुडत्याचं माप मागितलंस आणि मी अधिक महिना सरत आल्यावर लिहितोय. शिव्या दे, पण आधी वाच. तब्येत बरी. शुगर आहे तिथंच. कंबर गेलीय, ती का गेली ते पुढं येईल.

काल ओमला एका कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या शिबिराला नेलं होतं. शंभरेक पोरं, एकेक बैलासारखं. एका माणसानं त्याला भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात आडवा धरायला लावला आणि खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावला. साडेबत्तीस इंच. टेप सुर्रकन आत गेला आणि हा शेजारच्या वहीवाल्याला म्हणाला, "गार्ड." पोराच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही. मी कुंपणापलीकडं उभा. तालमीत वस्तादांनी माझं मनगट दोन बोटांत धरून "हाड नाही" म्हणत सोडून दिलं होतं, ते डोळ्यासमोर आलं. तू तेव्हा हसला होतास. अजून हसतोस.

गार्ड वाईट नाही रे. पण चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणाऱ्या फळीतल्या पाचांत कडेचा तो टॅकल, त्याच्या आतल्या बाजूचा गार्ड, आणि डावा टॅकल म्हणजे क्वार्टरबॅकच्या पाठीचा राखणदार. सोळा वर्षांचं, १२० किलोचं पोरगं दोन वर्षं तेच स्वप्न घेऊन झोपतंय. हाताचं कारण तुला सांगायला नको, ही कुस्तीतली खडाखडीच आहे. समोरचा कडेनं सुसाट येतो. त्याचा हात आधी तुझ्या छातीला लागला तर तू त्याच्या तालावर नाचणार. तीनेक सेकंदांची कुस्ती, पण प्रत्येक चालीला नवी. म्हणून तिथले पारखी टॅकलला तेहेतीस इंच तरी मागतात.

आता विल कॅम्पबेलचं ऐक. एलएसयू म्हणजे लुइझियानाच्या विद्यापीठाचा, तिथं तीन वर्षं डावा टॅकलच खेळला. व्यावसायिक संघांच्या २०२५ च्या निवड-चाचणीत त्याचा हात भरला साडेबत्तीस इंच एक सूत, म्हणजे वर इंचाचा आठवा भाग. झालं, सगळे पारखी त्या सुतावर तुटून पडले. काही आठवड्यांनी कॉलेजात परत मापला तर तेहेतीस. महिन्यात हात तीन सूत वाढला! आपल्या आठवडी बाजारातलं कापड बरं म्हणायचं. तरी पेट्रियट्स संघानं त्याला नव्या पोरांच्या निवडीत चौथ्या क्रमांकावर उचलला आणि पहिल्याच वर्षी डाव्या कडेला उभा केला. नोव्हेंबरात गुडघा दुखावला, साखळीच्या शेवटच्या आठवड्यात परतला, आणि फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये, म्हणजे फायनलला, सीहॉक्सनी २९-१३ नं धुतलं. त्यांचा क्वार्टरबॅक ड्रेक मे सहा वेळा पाडला गेला. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतायत, बघा, हात आखूड, याला गार्ड करा. अरे, त्या दुखऱ्या गुडघ्याचं काय? बावीस वर्षांच्या पोराचं पहिलंच वर्ष होतं, त्याचं काय? मी ती मॅच तीनदा बघितली. तिसऱ्यांदा आवाज बंद करून नुसते त्याचे पाय बघितले. सौ. म्हणाली, तुम्ही आता डॉक्टरला दाखवा.

आणि आमच्या फिलाडेल्फियाच्या ईगल्स संघाचा डावा टॅकल मैलाटा! सिडनीचा रग्बीवाला, सहा फूट आठ इंच, अमेरिकन फुटबॉलची एक मॅच खेळलेला नाही. २०१८ च्या निवडीत सातव्या फेरीत, २३३ वा घेतला. पहिली दोन वर्षं मोसमाच्या एकाही मॅचला मैदानात पाऊल नाही. मधेच २०१९ ला त्याच जागेसाठी पहिल्या फेरीतून डिलर्ड आणला, बाविसावा. आणि २०२१ ला जागा कोणी जिंकली? मैलाटानं. गेल्या वर्षी सुपर बोलची अंगठीही झाली. त्याला अंगकाठी देवानं दिली होती हे खरं, पण रोज तासन्‌तास तेच तेच पाय टाकायला लावणारा स्टाउटलँडसारखा वस्ताद मिळाला नसता तर ते धूड बाकावरच बसलं असतं.

आता तू म्हणणार, "अन्या, तुझ्या पोराकडं त्याचा हातही नाही आणि तो वस्तादही नाही." माहीत आहे. पण बाळूच्या वेळी मीच वस्तादांच्या कानाला लागलो होतो, "दम नाही त्याच्यात" म्हणून, आणि नंतर बाळूनं काय केलं ते लिहीत नाही, तू फुगशील. तेव्हापासून कोणाचं माप काढायचं म्हटलं की मला घाम फुटतो. पोटच्या पोराचं तर कसं काढू? (शिरोळच्या जत्रेतल्या कुस्तीत मात्र मी घसरलोच होतो. हात आखूड वगैरे काही नव्हतं. हे तीसाव्यांदा लिहितोय.)

काल रात्री ड्राइव्हवेवर मी जुनी गादी छातीशी धरून उभा राहिलो आणि तो मला अडवायला. कंबर ती अशी गेली. पण एक दिसलं. हात पुरणार नाही या भीतीनं तो आधीच बाहेरच्या बाजूला पळतो, डावा पाय मोठा टाकतो, आणि आतली कड सताड उघडी पडते. मी म्हातारा, तरी तिथून दोनदा आत घुसलो. हा दोष हाताचा की मनाचा? मनाचा असेल तर तो निघेल. हाताचाच असेल, तर टेपवाला बरोबर होता आणि मी पोराला उगाच दोन वर्षं झुलवत ठेवणार. रात्रभर एवढंच.

व्हिडिओ पाठवतोय. आवाज बंद कर, कमरेखालचं बघ. बैठक कशी आहे, मागचा पाय रुततो का, पहिला धक्का खाल्ल्यावर सावरतो का. खरं सांग. माझ्यासाठी गोड करू नकोस. बाळूलाही दाखव. नको, दाखवू नकोस. बरं, दाखव.

आक्कांचं खुब्याचं ऑपरेशन झालं हे सुनंदाच्या स्टेटसवरून कळलं, फोन करायला हवा होता. कारखान्याचं बिल आलं का? राणीच्या लग्नाची तिकिटं काढलीत, तुळशीच्या लग्नानंतर आम्ही तिघं येतोय, मांडवात वाढायला ओम आहे.

कुडत्याचं माप राहिलंच. छाती ५०, उंची सहा-तीन. बाहीचं टेलरला सांग थोडं थांब. ते मनगटापर्यंत घ्यायचं असतं, माझ्याकडं फक्त बोटापर्यंतचं आहे, आणि सध्या घरात टेप काढला की पोरगं खोलीत जाऊन दार लावतं.

तुझा,
अन्या