माटोळी विणायला घेतलीय

म्हापसा, श्रावणातला रविवार

प्रिय सुमे,

परवा फोनवर ओरडलीस ना, की संध्याकाळी कुठे गायब असतेस, मेसेज बघत नाहीस, तर घे उत्तर, हातात सुई असते गो, क्रोशाची! आणि यंदा रुमाल-बिमाल नाही, डायरेक्ट माटोळी विणतेय, आपल्या गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगून बांधतो ती. घाबरू नको, गणपतीच्या वर खरी माटोळीच बांधणार, नारळाचा घोस, सुपारीचा घड, आंबाडे, सगळं बाजारातून नि रानातून येणार, त्यात माझी लुडबूड नाही. ही छोटी, भाचीच्या खेळातल्या गणपतीसाठी.

आपल्या घरांत क्रोशा म्हणजे पांढरा, आठवतं? टीव्हीवर पांढरा, ताटावर पांढरा, रुखवतात पांढरा, शेजारच्या ख्रिस्ती आंटीकडे आल्तारच्या, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्याच्या, कापडाला लेस तीसुद्धा पांढरी. काम एवढं बारीक की बघतच राहावं, नावं ठेवायची माझी लायकी नाही. पण मला रंग लागतात बाई. चवथीच्या आधी माटोळीचा बाजार भरतो तेव्हा रानातली कवंडळं लालभडक, कांगल्यांच्या रानफळांचे पिवळे घोस, सुपारी केशरी, आंबाडे हिरवे, आणि हे सगळं एकाच सुतळीला लटकतं तरी कुणालाच ते भडक वाटत नाही! मग मी विणताना कशाला मॅचिंग करत बसू? लाल शेजारी केशरी ठेवला नि मधे जरासा गडद हिरवा दिला की दोन्ही रंग उठून दिसतात, हे मला बाजारात फिरूनच कळलं, कुठल्या व्हिडिओत नाही.

आता फळं कशी करायची ते सांगते, तूही करशील म्हणून. सुरुवात मॅजिक रिंगने, म्हणजे दोऱ्याचा ओढून आवळता येणारा फास, त्यात 6 मुके खांब (सिंगल क्रोशे), पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन म्हणजे 12, मग 18, मग 24. दर फेरीला 6 वाढवले की चकती सपाट राहते. वाढवणं थांबवलं की कडा आपोआप वर वळतात, वाटी होते, मग तसेच उलट कमी करत जायचं नि तोंड बंद व्हायच्या आधी आत फायबर, म्हणजे उशीत भरतात तसला कापूस, भरायचं. झाली सुपारी! आंबाड्याला मधे साध्या फेऱ्या जास्त, म्हणजे लांबट होतो. सीताफळाला पॉपकॉर्न टाका, एकाच घरात 5 खांब घालून सुई काढायची, पहिल्या खांबात घालून सुटलेला फास ओढून घ्यायचा, टपोरा डोळा तयार. वेळखाऊ आहे पण असला मस्त दिसतो ना!

आणि 6 पेक्षा खूप जास्त वाढवले तर? कापड मावत नाही, चुण्या पडतात, तुरा होतो. मी तसा लाल कोंबड्याचा तुरा केला, प्रत्येक घरात दोन-दोन खांब घालत गेले बस्स. नंतर वाचलं तर या चुण्यांमागे चक्क भूमिती निघाली, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना तायमिना नावाच्या गणिताच्या बाईंनी 1997 मध्ये हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे असाच सगळीकडे चुण्या पडत जाणारा, क्रोशानेच विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. पुढे मार्गारेट नि क्रिस्टिन वर्थाइम या बहिणींनी तेच तंत्र घेऊन 2005 पासून प्रवाळांचे आख्खे रंगीत खडक विणवून घेतले. शाळेत भूमिती अशी हातात दिली असती तर मी बाईंच्या तासाला झोपले नसते गो.

दोरा कॉटनच घे. आपल्याकडच्या पावसात लोकरीला कुबट वास येतो, आणि घामाच्या हातात ती सरकतही नाही धड. सुई अडीच एमएमची ॲल्युमिनियमची, वीण घट्ट बसते, फायबर बाहेर डोकावत नाही. स्टीलची बारीक सुई मात्र डब्यात तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेव, नाहीतर गंज चढतो नि पांढऱ्या दोऱ्यावर डाग. लाल दोरा आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर घासून बघ, रंग जातो का ते. लेबलवरचा लॉट नंबर जुळवूनच गुंडे घे, तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा निघतो आणि मोठ्या कामात तो पट्टा दिसतो म्हणजे दिसतोच.

लोक विचारतात विकणार का. एका फळाला आख्खी संध्याकाळ जाते, त्याची किंमत सांगितली तर माणूस दुकानातलं प्लास्टिकचं घेऊन जाईल, आणि कमी सांगायची माझी तयारी नाही. खरा क्रोशा मशीनवर होत नाही म्हणतात, मशीनची विणाई वेगळीच असते, तेव्हा कुठेही स्वस्तात खऱ्या क्रोशाची पर्स दिसली तरी ती कुणीतरी हातानेच केलेली, तिला काय मिळालं असेल देव जाणे. म्हणून मी वाटते फक्त. तुझ्या वाटणीचं तोरण धरलंय.

आता काम ऐक. कांगल्यांसाठी हळदीसारखा पिवळा मिळत नाहीये, इथे सगळा लिंबूटिंबू पिवळा. तू तुळशीबागेत जाशील तेव्हा बघ, दोन गुंडे, चार प्लायचं कॉटन, आणि प्लीज दुकानाबाहेर येऊन उजेडात फोटो काढ, ट्यूबखाली सगळे पिवळे सारखेच दिसतात. चवथीला येतेच आहेस तर बॅगेत टाकून आण, कुरिअर नको.

तुझी,
नली