कॉफीच्या खटल्याचे सगळे आकडे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या फुटकळ दाव्यांचा दाखला म्हणून कालच्या अग्रलेखात पुन्हा तीच कॉफीवाली आजी आली. कॉफी सांडली, बाईने लाखो डॉलर उकळले, विषय संपला. संताप आला म्हणून लिहितो आहे.

स्टेला लीबेक ७९ वर्षांच्या होत्या. १९९२ मध्ये अल्बुकर्की इथे त्या उभ्या गाडीत, चालकाशेजारी बसल्या होत्या. दूध-साखर घालायला पेला गुडघ्यांत धरून त्यांनी झाकण ओढले आणि कॉफी मांडीवर सांडली. मॅकडोनाल्ड्स ही कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला ठेवत असे. सुती पँटने ती शोषून कातडीला धरून ठेवली. सहा टक्के शरीर थर्ड डिग्री, म्हणजे कातडीच्या पूर्ण जाडीपर्यंत, भाजले, आठ दिवस रुग्णालय, त्वचारोपण. त्यांनी मागितले २० हजार डॉलर. कंपनीने देऊ केले ८००! आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या सातशेहून अधिक तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या, हेही खटल्यातच उघड झाले. ज्युरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, भरपाई दोन लाख ठरवली आणि बाईंची चूक २० टक्के धरून ४० हजार कापले. सगळे सांगतात तो २७ लाखांचा आकडा दंडात्मक रकमेचा, म्हणजे कंपनीला अद्दल घडवायला भरपाईवर लावलेल्या रकमेचा, कंपनीच्या साधारण दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा. न्यायाधीशांनी तो ४ लाख ८० हजारांवर आणला, पुढे तडजोड झाली. यात फुटकळ काय?

आता अशा भरपाईवर कायद्याने मर्यादा मागणारे पाहा. सिनेटर रिक सँटोरम यांना वेदनांच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा हवी होती. त्यांच्या पत्नीने मात्र पाठीच्या उपचारात इजा झाली म्हणून पाच लाखांचा दावा लावला. अशा दाव्यांना लगाम हवा म्हणणारे माजी न्यायाधीश रॉबर्ट बोर्क २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या येल क्लबात व्यासपीठावर चढताना पडले. पायरी नाही, कठडा नाही म्हणून त्यांनी दहा लाखांहून अधिक मागितले, वर दंडात्मक भरपाईही. त्यांची इजा खरीच होती. मग इतरांची खोटी कशी?

बुडालेला पगार आणि औषधपाणी यांवर ही मर्यादा सहसा नसते, वेदनेवर असते. म्हणजे मार बसतो ज्यांचा पगारच नाही अशा गृहिणी, मुले आणि म्हाताऱ्यांना. कॅलिफोर्नियात वैद्यकीय हलगर्जीपणासाठी १९७५ मध्ये ठरलेले अडीच लाख २०२२ संपेपर्यंत तेवढेच राहिले. अमेरिकेतले वकील इजेचे दावे सहसा मिळालेल्या भरपाईच्या टक्केवारीवर घेतात, साधारण एक तृतीयांश. हरले तर फी नाही. रक्कम आटली की तज्ज्ञ साक्षीदारांचा खर्चही निघत नाही आणि खऱ्या दाव्यालाही वकील मिळत नाही.

आणखी एक. आपल्याकडे वाहन अपघाताच्या भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत करण्याची अट २०१९ च्या दुरुस्तीने आली, २०२२ पासून लागू झाली. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाचे तेवढे महिने शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीतच जातात. अमेरिकेवर अग्रलेख लिहिलात, या अटीवर तुमच्या अंकात कधी दोन ओळी दिसल्या नाहीत.

आपला,
एक वकील वाचक, ठाणे