आईची सत्तरी आणि काळा घोडा भागातलं इटालियन जेवण

दादर, मुंबई

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर नीट ऐकू येत नव्हतं आणि विषय अर्धवटच राहिला, म्हणून सविस्तर लिहितेय. बाबा, तुम्ही म्हणालात, "वाढदिवस घरीच करू, श्रीखंड-पुरी करू, बाहेर कशाला उगाच खर्च." आई मागून म्हणाली, "मला ते चीजबिज झेपत नाही." दोन्ही ऐकलं. पण पुऱ्या लाटणार कोण आणि तळणार कोण, हे कोणीच बोललं नाही. आईला सत्तर पूर्ण होतायत. त्या दिवशीसुद्धा ती कढईपुढे उभी राहणार, आपण सगळे पानावर, आणि सगळ्यांचं झाल्यावर ती उरलेल्या गार पुऱ्या घेऊन बसणार. कळायला लागल्यापासून मी हेच बघत आलेय. या वेळी मला आईला निवांत खुर्चीत बसलेली बघायचीय आणि गरम ताट पहिलं तिच्यापुढे यायला हवंय. त्यासाठी मी जागाही शोधून ठेवलीय, फोर्टातल्या काळ्या घोड्याच्या गल्लीतलं एक छोटं इटालियन रेस्टॉरंट. आधी सगळं वाचा, मग काय ते ठरवा.

मागच्या वेळचं तुमच्या मनातून गेलेलं नाही, हे मला माहीत आहे. त्या मॉलमधल्या हॉटेलात गाणी इतकी मोठ्याने लावलेली की बाबांना समोरच्याचं बोलणं ऐकू येईना. उजेड नाही, छापलेला मेनू नाही, टेबलावर चिकटवलेला तो चौकोन मोबाइलने स्कॅन करायचा आणि बारीक अक्षरात वाचत बसायचं. त्यात वेटर डोक्यावर उभा. बाबांनी आकडे बघून एक सूप सांगितलं, आईने "मला भूकच नाही" म्हणून टाकलं, आणि घरी आल्यावर तिने दहीभात कालवला. ती जागा म्हाताऱ्या माणसांचा विचार न करता चालवलेली होती, एवढंच. आई, तू अजून म्हणतेस की आपल्याला तिथलं काही कळत नाही. तसं मुळीच नाही. जेवणातलं तुला जेवढं कळतं तेवढं त्या वेटरला कळत नव्हतं.

म्हणून या वेळी मी आधीच मैत्रिणीबरोबर जाऊन जेवून आले आणि नुसती जेवले नाही, सगळं बघून, विचारून आले. आत जायला एकच पायरी आहे. खुर्च्यांना पाठ आहे, ती उंच स्टुलं नाहीत. बाथरूम त्याच मजल्यावर, दारापासून जवळ. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी आहे, दुपारी दिवा लावावा लागत नाही. तिथल्या मॅनेजर बाईंशी बोलले. साडेबाराला आलात तर खिडकीजवळचं टेबल देते, त्या बाजूचा स्पीकर बंद ठेवते म्हणाल्या. फोर्टातली ऑफिसं जेवायला सुटतात एकच्या पुढे, तोवर आपलं निम्मं जेवण झालेलं असेल. छापलेला मेनू आहे, अक्षर मोठं आहे.

आता जेवणाचं. तिकडे इटलीत रीतसर जेवणात आधी थोडं चरणं, मग पास्ता किंवा भात, मग मासे-मटण, मग गोड, असं एकामागून एक येतं. इथे तसला थाट नाही. सगळं टेबलाच्या मध्ये ठेवतात आणि ज्याला जे हवं ते त्याने घ्यायचं. काट्या-सुरीचं दडपण घेऊ नका. पिझ्झा हातानेच खायचा, नेपल्समध्ये तर लोक त्याची चौघडी घालून रस्त्यावर उभे राहून खातात.

आई, चीज झेपत नाही असं तू म्हणतेस ते डब्यातल्या पिवळ्या चीजबद्दल. मी तुला बुराटा खाऊ घालणार आहे. दक्षिण इटलीतल्या आंद्रिया गावाकडचा हा प्रकार, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, आता आपल्याकडेही करतात. बाहेरून मोत्झारेला नावाच्या ताज्या, मऊ चीजची पातळ पिशवी, आत क्रीममध्ये भिजलेले मोत्झारेलाचेच धागे. पांढरा शुभ्र गोळा ताटलीत येतो, सुरी लावली की फुटतो आणि आतलं दाट क्रीम सावकाश बाहेर पसरतं. उग्र वास नाही, खारटपणा नाही, फक्त दुधाची चव. शेजारी चिरलेले टोमॅटो आणि बेसिलची पानं. हे बेसिल म्हणजे आपल्या सब्जाचं झाड. उन्हाळ्यात तू सरबतात घालतेस ते बी त्याचंच.

बाबा, तुम्हाला भट्टी बघायला आवडेल. ती जेवणाच्या जागेतच आहे, उघडी. पीठ निदान आठ तास, कधी त्याहून बरंच जास्त आंबवतात, म्हणून ते पोटाला जड जात नाही. भट्टीचं तापमान साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे पिझ्झा दीड मिनिटाच्या आत होतो. लांब दांड्याचा फावडा घेतलेला मुलगा नजर न हलवता उभा असतो, मध्येच पिझ्झा गर्रकन फिरवतो आणि काढतो. कडेवर काळे ठिपके पडतात, ते करपलेलं नाही, तसंच असायला हवं. नेपल्सच्या या पिझ्झा करणाऱ्यांची कला 2017 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. इथली भट्टी आता गॅसवर चालते. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, त्यानंतर महापालिका हॉटेलांच्या भट्ट्यांच्याही मागे लागली. पेपरात तुम्ही वाचलं असेलच. मला चवीत काही उणं वाटलं नाही. फक्त पिझ्झ्याची कड चिवट असते, तुमच्या कवळीला त्रास होईल, ती ताटात ठेवून द्या, कोणी काही म्हणत नाही.

पण ज्यासाठी मी तुम्हाला तिथेच न्यायचा हट्ट धरलाय ते वेगळंच आहे. मेनू वाचताना एका पास्त्यापुढे लिहिलेलं दिसलं: खपली गहू. मी वेटरला दोनदा विचारलं. हो म्हणाला, खपलीच. बाबा, आजोबा कृष्णाकाठच्या रानात लावायचे तोच, ज्याचं टरफल दाण्याला असं घट्ट चिकटलेलं असतं की नुसत्या मळणीने सुटत नाही, वेगळं कांडावं लागतं. आई, तुझ्या हुग्गीतला तोच. नंतर मी वाचलं, तर हा गहू इटलीत फार जुना आहे. प्राचीन रोमन लोक याचीच लापशी करून खात. टस्कनीत गार्फान्याना नावाच्या डोंगराळ भागात तो अजून पिकतो आणि त्याचं सूप करतात. एरवी कोरडा पास्ता होतो ड्युरम गव्हाचा, म्हणजे आपला बन्सी. आपल्याकडे खपली मागे पडली, कारण उतारा कमी आणि कांडण्याचा खर्च जास्त. आजोबांनी लावायची सोडली तेव्हा बाबा किती हळहळले होते, ते मला आठवतं. तोच गहू मुंबईच्या मध्यावर कोणी मानाने ताटात वाढतंय, हे बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि तो पास्ता हातानेच करतात, काचेच्या मागे, आपल्यासमोर. एक मुलगी पिठाची बोटाएवढी लांब वळी करते, तिचे छोटे तुकडे पाडते, एकेक तुकडा बोथट सुरीने पाटावर ओढते आणि अंगठ्यावर उलटा करते. खोलगट वाटी तयार. ओरेकिएत्ते म्हणतात त्याला. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांतात बायका दारात बसून करतात. मी जेवणं सोडून तिचे हात बघत राहिले. आई, मावशीच्या लग्नात तू आणि आजी बोटांच्या चिमटीत गव्हले वळत बसायच्यात, अगदी तसाच वेग आणि तसंच खाली न बघता गप्पा मारणं. तू तिच्याशी बोल. ती कराडकडची आहे, मराठी बोलते, आणि तिने मला सांगितलं की तिला गव्हले येत नाहीत. तू दाखवलंस तर तिला खरंच आवडेल.

आता तुझ्या पथ्याचं, कारण तू अंडंही खात नाहीस. हे मी शेफना समोर बसवून विचारलं. इटालियन जेवण शाकाहारी दिसतं पण प्रत्येक वेळी असतंच असं नाही. पार्मेजानो नावाचं जे कडक चीज वरून किसून घालतात ते करताना दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. रिझोतो नावाच्या भातात कधी कोंबडीचं पाणी असतं. ताज्या पास्त्याच्या पिठात उत्तरेकडच्या पद्धतीने अंडी असतात. पाना कोता नावाच्या गोड पदार्थात जनावरांपासून काढलेलं जिलेटिन असतं, आणि तिरामिसू नावाच्या दुसऱ्या गोडात बहुधा कच्चं अंडं. शेफनी एकेक करून सांगितलं. ओरेकिएत्ते दक्षिणेकडची, ती फक्त पीठ आणि पाण्याची. भाज्यांचं पाणी ते वेगळं ठेवतात. तुझ्या ताटात पार्मेजानोऐवजी आपल्याकडे बनलेलं शाकाहारी चीज घालतील, आणि पॅन वेगळं घेतील. बुकिंगमध्ये हे सगळं लिहून घेतलंय. मला वाटलं होतं ते कंटाळतील, पण शेफ उलट खूश झाले की कोणी आधी विचारतंय.

बाबांसाठी रिझोतो बघितलाय, केशराचा, मिलानकडचा. आखूड जाड तांदळात गरम पाणी पळीपळीने घालत, सतत हलवत शिजवतात, त्यामुळे तांदळातलाच स्टार्च सुटून तो दाटसर होतो. चावायला त्रास नाही. पण साखर आहे तुम्हाला, म्हणून तो आपण तिघांत एक घेऊ, तुम्ही चार चमचे. पास्ता तिथे दाताला जरा लागेल एवढाच शिजवतात. तुम्हाला मऊ हवा असेल तर तसं सांगता येतं, पण शक्यतो तसाच खाऊन बघा, कमी शिजवलेल्याने साखर सावकाश चढते. जेवणाआधीची गोळी खिशात ठेवा. गोडात आईसाठी लिंबाचं सॉर्बे, म्हणजे फळाच्या रसाचा बर्फ, त्यात दूधही नाही, अंडंही नाही. मेणबत्ती विझवणं वगैरे काही नको म्हणून सांगितलंय. औक्षण सकाळी घरी, देवापुढे.

खर्चाचंही सरळ लिहिते, कारण बाबा विचारणारच. पिझ्झा सातशे-आठशेचा आहे, तिघांचं मिळून चार हजारांच्या आत होईल. त्यावर पाच टक्के जीएसटी. सर्व्हिस चार्ज मात्र परस्पर लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसं सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. इथे लावत नाहीत, मी बिल बघितलं. चार हजार जास्त आहेत, मान्य. पण बाबा, मी कमावते, आणि हे पैसे मला आईवर खर्च करायचेत. आयुष्यभर तुम्ही उजवीकडचे आकडे बघून ऑर्डर दिलीत. त्या दिवशी मेनूची ती बाजू मी हाताने झाकून धरीन, तुम्ही फक्त डावीकडचं वाचायचं.

येण्याजाण्याची दगदग नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री सांगलीत बसलात की सकाळी दादर, मी स्टेशनवर येते. दुसरा दिवस पूर्ण आराम. वाढदिवसाला दादरहून भुयारी मेट्रो, ऑक्टोबर 2025 पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. हुतात्मा चौकाला उतरायचं. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत, गाडीत गारवा आहे, आणि दुपारी बसायला जागा मिळते. तिथून रेस्टॉरंटपर्यंत सावलीतून चालत, नाहीतर टॅक्सी. जेवून पाय मोकळे करायचे असतील तर जहांगीर आर्ट गॅलरी जवळच आहे. बाबांना चित्रं बघायची असतील तर बघू, नाहीतर सरळ घरी येऊन झोपा.

आई, ती जांभळी इरकल घेऊन ये. गुडघ्याचा पट्टा आणि चष्म्याचं दुसरं घर विसरू नकोस. येताना पीठ, चटण्या, लाडू काही करत बसू नकोस, इथे सगळं मिळतं. कुरडया मात्र थोड्या आण, संपल्यात.

बाबा, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि महालक्ष्मीचे खालचे बर्थ लगेच जातात. तुमच्या दोघांचे आधार क्रमांक माझ्याकडे आहेत. कुठल्या तारखेचं काढू ते शनिवारपर्यंत फोन करून सांगा.

तुमची,
लेक