सिग्मा नंतर, आधी टेबल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. सोशिऑलॉजीच्या पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवायचं तुझ्या गळ्यात पडलंय आणि तू पहिल्याच लेक्चरला स्टँडर्ड डेव्हिएशनचा (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याच्या मापाचा) फॉर्म्युला फळ्यावर लिहिणार म्हणतोस. अरे बाबा, नको! यातली बरीचशी पोरं गणिताला रामराम ठोकूनच इकडे आलेली असतात, त्यातलं सिग्मा हे चिन्ह दिसलं की अर्धा वर्ग मनाने बाहेर.

आधी टेबल वाचायला लाव. दोन ओळी, दोन रकाने, बास. समज 60 बायका आणि 40 पुरुष आहेत, बायकांतल्या 30 जणी नोकरी करतात आणि पुरुषांतले पण 30 जण. आता "नोकरी करणाऱ्यांत निम्म्या बायका आहेत" हे खरं, आणि "बायकांतल्या निम्म्याच नोकरीत आहेत, पुरुषांतले मात्र 75 टक्के" हेही तितकंच खरं. टेबल तेच, पण पहिलं वाक्य वाचून वाटतं चला समानता आली, दुसरं वाचलं की कळतं कुठली आलीय. टक्का दिसला की "कशाचे टक्के?" हे पोरांच्या तोंडून आपोआप निघालं पाहिजे, त्यासाठी दोन आठवडे गेले तरी जाऊ देत. 20 टक्क्यांचे 25 झाले तर वाढ 5 पर्सेंटेज पॉइंटची की 25 टक्क्यांची, हे पण त्यातच उरकून घे.

मग डर्कहाइम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ काढ, तो त्यांना थिअरीच्या पेपरमुळे माहीत असतो. 1897 चं त्याचं आत्महत्येवरचं पुस्तक म्हणजे आकडेच आकडे, पण पोरं ते थिअरी म्हणून पाठ करतात (आपण तरी दुसरं काय केलं म्हणा). प्रोटेस्टंट जास्त असलेल्या भागात आत्महत्या जास्त, ठीक आहे, पण मेले ते प्रोटेस्टंटच होते कशावरून? हा प्रश्न टाक आणि गप्प बस, वर्गात भांडणं होऊ देत.

ती रंगात आली की रॉबिन्सन या अभ्यासकाचा 1950 चा पेपर दे, भागाचे आकडे माणसांना लावले की कसा घोळ होतो ते त्यात दिसतं. त्याने अमेरिकेची 1930 ची जनगणना घेतली. राज्याराज्यांची तुलना केली तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, कोरिलेशन (दोन गोष्टी किती जोडीने वाढतात-घटतात त्याचा आकडा, उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते) उणे 0.53. माणसागणिक पाहिलं तर चक्क उलटं, अधिक 0.12, म्हणजे परदेशात जन्मलेलेच थोडे जास्त निरक्षर. कारण साधं आहे, बाहेरून आलेले लोक जिथे आधीच साक्षरता जास्त होती अशा राज्यांत जाऊन राहिले. माणसं कुठे जातात आणि का जातात हा तर सोशिऑलॉजीचाच प्रश्न ना, म्हणून हे उदाहरण मला फार आवडतं, आणि कोरिलेशन म्हणजे काय तेही इथेच शिकवून होतं.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, नाहीतर बटण दाबून पी व्हॅल्यू (खरं नातं नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल यायची शक्यता) काढतील आणि 0.05 च्या खाली आली की आनंदीआनंद.

परीक्षेत आकडेमोड हवीच असेल तर दहा मार्कांची ठेव, बाकी मार्कांना एक टेबल आणि त्यावरची चार वाक्यं दे, कुठलं वाक्य त्या टेबलातून निघतं आणि कुठलं नाही ते कारणासकट लिहू देत. तपासायला जीव जाईल तुझा, ते मात्र खरं.

तुझाच