शून्य त्रुटींचा अहवाल मागू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा एका दूध संस्थेच्या निविदेत अट वाचली : सॉफ्टवेअरच्या कोड तपासणीचा ‘शून्य त्रुटी’ अहवाल जोडावा. संचालक मंडळाला कोड तपासून घ्यावासा वाटला, याचं बरं वाटलं. पण हा शून्य कसा आणतात ते मला पक्कं ठाऊक आहे. आमच्याच ऑफिसात आणलाय.

इचलकरंजीत आम्ही सहा जण दूध संस्थांसाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत सॉफ्टवेअर लिहितो. तीन वर्षांपूर्वी सोनारक्यूब हे कोडमधल्या चुका आपोआप शोधणारं साधन बसवलं; फुकट आवृत्ती, कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवर. कुणी कोड चढवला की जेनकिन्स हे ठरलेली कामं आपोआप करणारं साधन तपासणी लावतं, निकाल लाल आला की बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवणं, थांबतं. उत्साहाच्या भरात मी दहा वर्षांच्या जुन्या कोडलाही तीच चाळण लावली. चार हजारांवर शेरे निघाले! पोरांनी पंधरवड्यात निम्मे संपवले. कसे? ओळीच्या शेवटी ‘नोसोनार’ लिहून. तो शब्द दिसला की तपासणी ती ओळ सोडून देते. नव्या कोडचा ८० टक्के भाग टेस्टखाली, म्हणजे कोड चालवून तपासणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांखाली, हवा, अशी त्यात तयार अट असते. तिच्यासाठी कोड नुसता चालवून बघणाऱ्या टेस्ट लिहिल्या. उत्तर बरोबर आलं का, हे कुणी बघायचं?

शेवटी गेट, म्हणजे लाल निकालावर बिल्ड अडवणारी अट, फक्त नव्या कोडला ठेवलं. जुन्याला हात लागेल तेव्हा तोही सुधारायचा. मग उपयोग दिसू लागला. एका पोरानं फॅटचा दरतक्ता ३.० पासून ०.१ मिळवत बनवला होता आणि दुधाचं फॅट त्यातल्या आकड्याशी तंतोतंत जुळतंय का, असं ताडलं होतं. तपासणीनं नेमकी ती ओळ धरली. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही, त्यामुळे ३.२ मध्ये तो मिळवल्यावर ३.३००००००००००००००३ येत होतं. ३.३ फॅटवाल्याला तक्त्यात जागाच नाही, आणि प्रोग्रॅम मुकाट्यानं सर्वांत खालचा दर लावणार! संस्थेत जाण्याआधी सापडलं म्हणून वाचलो.

त्याच आठवड्यात कोडमध्ये गायीच्या दुधाचं एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ ऐवजी ५.८ टाइप झालं होतं. तपासणी हिरवीगार. चाचणीचं बिल बघून संस्थेच्या सचिवांनी ते ओळखलं.

१९७८ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी असं एक साधन लिहिलं, त्याचं नाव ‘लिंट’, म्हणजे कापडाला चिकटलेली कसपटं. आमच्या यंत्रमागवाल्यांच्या गावात वेगळं सांगायला नको. कसपटं झटकली म्हणून ताणा तुटलेला पीस पास होत नाही.

निविदेत आकडा मागायचाच तर किती ओळींवर ‘नोसोनार’ लिहिलंय आणि का, तो मागावा. आमचा आज एकतीस आहे. यादी दाखवायची तयारी आहे.

आपला,
एक प्रोग्रॅमर, इचलकरंजी