जोडीतली डावी मूर्ती

लागोस, रविवार

प्रिय अव्या,

तुझा मेल आणि सोबतचे फोटो मिळाले. जर्मनीतल्या लिलावात योरुबा जुळ्यांच्या लाकडी मूर्तींची जोडी निघाली आहे, किंमत आवाक्यातली दिसतेय, बोली लावू का, असं विचारलं आहेस. हो किंवा नाही एवढंच हवं असतं तर फोनवर सांगितलं असतं. पण इथे आल्यापासून या मूर्तींनी मला असं धरून ठेवलंय की सगळं सांगितल्याशिवाय उत्तर द्यायला मन घेत नाही. तेव्हा निवांत वाच.

योरुबांचा मुलूख म्हणजे नायजेरियाचा नैऋत्य भाग आणि शेजारच्या बेनिनचा काही भाग. इथे जितकी जुळी जन्मतात तितकी जगात क्वचितच कुठे. जगभरात हजार बाळंतपणांत साधारण १२ जुळी असतात, इथे तो आकडा ४५ च्या घरात जातो. ओयो राज्यातलं इग्बो-ओरा हे गाव तर जुळ्यांसाठीच प्रसिद्ध आहे, तिथे त्यांचा उत्सव भरतो. तिथल्या बायका याचं श्रेय याम नावाच्या कंदाला (आपल्या कोनफळाच्या जातीचा) आणि भेंडीच्या पाल्याच्या कालवणाला देतात. डॉक्टरांना मात्र अजून तसा पुरावा सापडलेला नाही. एकाच बीजाची, हुबेहूब दिसणारी जुळी जगात सगळीकडे हजारी चारच्या आसपास असतात. इथली जास्तीची जुळी दोन वेगळ्या बीजांची.

पण जुळी म्हणजे बहुधा दिवस भरण्याआधी आलेली, वजनाला कमी. शंभर वर्षांपूर्वी खेड्यात त्यांतलं एक जाणं, कधी दोन्ही जाणं, हे घरोघरी घडत असे. जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत या मूर्ती इतक्या दिसतात, त्यामागे हे कारण आहे. प्रत्येक अस्सल मूर्तीमागे एक गेलेलं मूल आहे. तू संग्राहक आहेस म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो.

एके काळी योरुबा मुलखातही जुळी अशुभ समजून मारत. पुढे सगळं उलटं झालं आणि जुळी दैवी ठरली. त्याची एक गोष्ट सांगतात. एक शेतकरी पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांना मारायचा. माकडांनी सूड म्हणून त्याच्या बायकोच्या पोटी जुळी होऊन जन्म घ्यायला आणि मरायला सुरुवात केली. इफा म्हणजे योरुबांचा दैवी कौल. तो सांगणाऱ्या पुजाऱ्यानं, बाबालावोनं सांगितलं, माकडं मारणं थांबव. त्यानं थांबवलं आणि पुढची जुळी जगली. आजही कोलोबस माकड जुळ्यांशी जोडलं जातं, आणि गडगडाटाचा देव शांगो हा त्यांचा रक्षक मानतात. जुळी घरात समृद्धी आणतात आणि रुसली तर ती घालवतातही, अशी श्रद्धा आहे.

नावं ठरलेली असतात. आधी जन्मतो तो ताईवो, मागून येतो तो केहिंदे. गंमत अशी की थोरला मानतात तो केहिंदेला. जग राहण्याजोगं आहे का ते बघून ये, म्हणून त्यानंच ताईवोला पुढे धाडलेलं असतं. आमच्या ऑफिसात दोन्ही नावांची माणसं आहेत. नाव ऐकलं की आपोआप विचारलं जातं, "दुसरा कुठे असतो?"

जुळ्यांचा आत्मा दोघांत मिळून एक, ही श्रद्धा सगळ्याच्या मुळाशी आहे. एक गेला तर अर्धा आत्मा निराधार होतो आणि उरलेल्यालाही ओढून नेऊ शकतो. म्हणून आईबाप बाबालावोकडे जातात, आणि त्यानं सांगितलं तर मूर्तिकाराकडून मूर्ती करून घेतात. हीच एरे इबेजी. उंची साधारण वीत-दीड वीत. मूर्तिकार वाकसानं लाकूड तासतो, मग सुरीनं नाकडोळे काढतो. मूल आठ दिवसांचं होऊन गेलेलं असलं तरी मूर्ती घडते ती भर तारुण्यातल्या माणसाची. मुलगा असेल तर पुरुष, मुलगी असेल तर भरल्या छातीची स्त्री. डोकं सबंध उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, कारण माणसाचं प्राक्तन डोक्यात असतं असं योरुबा मानतात. गालांवर घराण्याच्या खुणा कोरतात. मुसलमान झालेल्या उत्तरेकडच्या गावांतल्या मूर्तींच्या छातीवर त्रिकोणी ताईतसुद्धा कोरलेला सापडतो. श्रद्धा किती सहज एकमेकींत मिसळतात ते त्या त्रिकोणात दिसतं.

मूर्ती घरी आल्यावर पुढचं सगळं आई करते. तिला अंघोळ घालते, ओसून नावाची लाल लाकडाची पूड तेलात कालवून अंगाला चोळते, केसांना नीळ लावते. पूर्वी झाडाची नीळ असे, पुढे विलायतेहून आलेली कपड्यांची रेकिट नीळ आली. गळ्यात मणी, मनगटात कडी, कधी कवड्यांचा अंगरखा. या कवड्या मुळात मालदीवच्या. आपल्या बाजूच्या समुद्रातून निघून, युरोपच्या जहाजांवरून पश्चिम आफ्रिकेत येऊन त्या इथे चलन झाल्या. म्हणून कवड्या घातलेली मूर्ती म्हणजे पैशांनी मढवलेलं मूल. जिवंत भावंडाला नवे कपडे आले की मूर्तीलाही, त्याच्या पानात घास पडला की मूर्तीच्या ओठांनाही. आई बाजाराला निघाली तर लुंगीच्या ओच्यात मूर्ती खोचून निघते.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या आजीकडे अबेओकुटाला गेलो होतो. अंधाऱ्या खोलीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये एक मूर्ती, शेजारी पामतेलातल्या शिजवलेल्या चवळ्यांची वाटी. मूर्ती आजीच्या सासूच्या काळची. सासूनंतर हिच्याकडे आली. मला बघू दिली, हात लावू दिला नाही, आणि मीही मागितला नाही. तिनं मूर्ती उचलून अंगठ्यानं तिचं कपाळ, नाक, ओठ पुसले. वरून खाली, एकाच सवयीच्या ओघात. नाक जवळपास सपाट झालं होतं, डोळ्यांच्या जागी नुसते उंचवटे उरले होते. कानामागे आणि काखेत मात्र सुरीची धार काल कोरल्यासारखी शाबूत होती आणि तिथे ओसूनचा लाल थर घट्ट बसला होता. आपल्याकडे देवघरातल्या जुन्या टाकांचे चेहरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पूजेनं पुसट होतात, ते तुला माहीत आहे. तोच हा प्रकार.

संग्राहकांच्या जगात या झिजेलाच सर्वांत मोठा भाव आहे. मला याचा त्रास होतो आणि तेवढंच पटतंही. त्रास यासाठी की एका आईचं दुःख किती वर्षं टिकलं त्यावर बोली ठरते. पटतं यासाठी की मूर्तिकारानं घडवलेला चेहरा आणि आईच्या हातांनी घडलेला चेहरा, यांत दुसरा खरोखरच अधिक सुंदर असतो. सुरीला ते मऊपण येत नाही.

मग या मूर्ती बाहेर आल्या कशा? काही चोरीला गेल्या, पण पुष्कळशा घरच्यांनीच विकल्या. आजी गेली, नातवंडं चर्चला किंवा मशिदीत जाऊ लागली, पास्टर म्हणाला हे जाळून टाका, आणि नेमका त्याच वेळी दारात फिरता व्यापारी उभा. १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात आणि त्यानंतर तर लोंढाच लागला. उत्तरेकडच्या हौसा जमातीच्या व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून माल सीमेपलीकडे बेनिनमधल्या कोतोनूला, टोगोमधल्या लोमेला आणि तिथून युरोप-अमेरिकेला गेला. पुरातन वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेऊ नयेत असा कायदा १९५३ सालीच झाला होता, १९७९ मध्ये तो आणखी कडक झाला. तुझ्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये 'जुना युरोपीय संग्रह' एवढंच लिहिलंय. असं लिहिलं म्हणजे काहीच सांगितलं नाही असं समज. कोणी, कोणत्या साली, कुठून आणली, हे विचारायचा तुला हक्क आहे.

आणखी एक तक्रार आहे माझी. 'योरुबा, विसावं शतक' असं लिहून मोकळं होतात, जणू मूर्ती झाडाला लागल्या. ब्रिटिश म्युझियमच्या विल्यम फॅग यांनी नायजेरियात फिरून मूर्तिकारांचे हात वेगवेगळे ओळखायला लोकांना शिकवलं. अबेओकुटाचं अदुग्बोलोगे घराणं, ओदो-ओवाचे बामग्बोये, ओसी-इलोरिनचे अरेओगुन, यांची नावं आज जाणकारांच्या तोंडी आहेत. १९४७ मध्ये फादर केव्हिन कॅरल यांनी ओये-एकितीला कार्यशाळा काढली. तिथे अरेओगुनचा मुलगा बांदेले काम करत होता आणि त्याच्या हाताखाली लामिदी फाकेये तयार झाले. कोणाचा कान कसा, केसांचा अंबाडा किती उंच, पायाखालची बैठक गोल की चौकोनी, यावरून गाव आणि पुष्कळदा घराणंही सांगता येतं. तू अडकित्त्याच्या घडणीवरून बोलू शकतोस, तसा डोळा इथेही तयार होईल तुझा.

मूर्ती गेल्या तरी प्रथा लगेच गेली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही घरांत लाकडाच्या जागी बाजारातली प्लॅस्टिकची बाहुली आली, तिलाही तसंच जेवू घालत. इला ओरांगुन भागात तर फोटो आला. स्टीफन स्प्रेग नावाच्या अभ्यासकानं १९७० च्या दशकात हे नोंदवून ठेवलंय. जगलेल्या जुळ्याचा फोटो काढायचा आणि एकच निगेटिव्ह शेजारी शेजारी दोनदा छापायची. झाली जोडी. एक मुलगा आणि एक मुलगी असेल तर उरलेल्या पोराला आधी स्वतःच्या कपड्यांत बसवायचं, मग गेलेल्या भावंडाच्या वेषात, आणि दोन्ही फोटो जोडायचे. कल्पना कर, गावच्या फोटो स्टुडिओत ती मुलगी भावाचा सदरा घालून स्टुलावर बसली आहे, आणि फोटोग्राफर डार्करूममध्ये दोघांच्या मधली रेघ दिसू नये म्हणून धडपडतोय. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. हे फोटो कोणी फारसे गोळा करत नाही. लाकडाला किंमत आहे, कागदाला नाही. खरं तर माया तीच.

आता तुझी जोडी. फोटो मोठे करून पाहिले. माझं मत स्पष्ट सांगतो, ही जोडी नाही. डावी मूर्ती अस्सल वाटते. तिचं नाक आणि ओठ झिजलेत पण केसांच्या खाचा ठसठशीत आहेत आणि त्यांत नीळ थरावर थर साचलेली दिसते. कमरेला दोऱ्याचा घासून पडलेला वळ आहे, म्हणजे मणी वर्षानुवर्षं तिथे होते. उजवी नीट बघ. ती सगळीकडून सारखीच गुळगुळीत आहे, काखेत आणि कानामागेसुद्धा. तिथे आईचा अंगठा पोचत नाही, पॉलिशपेपर पोचतो. शिवाय तिची बैठक चौकोनी, डावीची गोल. कानाची कोरणी निराळ्या हाताची आहे. व्यापारी एकट्या मूर्तीला दुसरी चिकटवून जोडी म्हणून विकतात, कारण जोडीला एकटीच्या दुपटीपेक्षा जास्त भाव येतो. एकटी मूर्ती म्हणजे अपुरी, असं लोकांना वाटतं. पण मुळात तीच पुरी असते. दुसरं जुळं बहुधा घरात जिवंत हिंडत होतं.

म्हणून जोडी म्हणून घेऊ नकोस. डावी एकटी देतात का विचार. नाही म्हणाले तर सोडून दे, मन घट्ट करून सोड. आणि दिलीच तर एवढं लक्षात ठेव, तिला धुवायची नाही, तेल लावायचं नाही, वॅक्स तर मुळीच नाही. जो लाल-निळा थर आहे तो मळ नव्हे. तुझ्या दिवाणखान्यातल्या स्पॉटलाइटखाली ती नको. शोभेची वस्तू म्हणून हवी असेल तर इथल्या आजच्या मूर्तिकाराकडून नवी करून पाठवतो. पैसे योग्य हातात जातील आणि कोणाचं मूल तुझ्या शोकेसमध्ये येणार नाही. तुला संग्रहाचं वेड लागलं ते केळकर संग्रहालयात. काकासाहेब केळकरांनी ते सगळं आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं उभं केलं. त्यामुळे मी काय म्हणतोय ते तुला कळेल याची खात्री आहे.

आणि तरीही तू घेतलीस, नीट विचारून, कागदपत्रं पाहून, तर मला वाईट वाटणार नाही. कोणाच्या तरी गोदामात पडून राहण्यापेक्षा ती तुझ्यासारख्याकडे बरी. पण मग तिच्या नावानं एक वही कर. मागची मालकी, गाव, घराणं, जे जे कळेल ते लिहीत जा. उद्या तिच्या मुलखातून कोणी विचारायला आलं तर सांगायला काहीतरी हवं.

तूर्त विक्रेत्याकडून तीन फोटो मागव. दोन्ही मूर्तींची पाठ, बैठकीचा तळ, आणि डावीच्या कानामागचा भाग उजेडात. पाठ पाहिली की ओच्यातून वाहिली होती का ते कळेल. बोली बंद व्हायच्या आत माझ्याकडे पाठव, रात्री-अपरात्री आले तरी चालतील. काकूंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही, मागच्या मेलमध्ये विसरलास. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिल्या