दुकानाला सील, मुलांचा सराव बंद

मा. संपादक,

आमच्या जिल्ह्यातल्या एकुलत्या एक शस्त्रविक्रेत्यावर अडीच महिन्यांपूर्वी गुन्हा दाखल झाला. काडतुसांचा साठा नोंदवहीशी जुळत नाही, असा आरोप आहे. परवाना निलंबित झाला, दुकानाला सील लागलं. काडतुसं भलत्या हातात गेली असतील तर त्याला कडक शिक्षा व्हावी. त्याची बाजू मांडायला हे पत्र नाही. मी निवृत्त क्रीडाशिक्षक. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर रोज सकाळी मुलांचा सराव घेतो, आणि त्या सीलच्या आत आमचंही सामान अडकलंय. ट्रिगरच्या दुरुस्तीला दिलेलं रेंजचं एक पिस्तूल आणि पैसे भरून ठेवलेली पॉइंट टू टूची (.२२ इंच व्यासाची) काडतुसं. सगळ्याच्या पावत्या आहेत.

एअर रायफलची मुलं शिल्लक छर्ऱ्यांवर कसाबसा सराव करतात. पॉइंट टू टूवाल्यांचं मात्र पूर्ण थांबलंय. लोक म्हणतात, दुसरीकडून आणा. काडतुसांच्या खोक्यात ५० नग असतात आणि थ्री पोझिशनच्या (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या रायफल स्पर्धेच्या) प्राथमिक फेरीतच ६० गोळ्या, चाचणीच्या वेगळ्या. शिवाय ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेले साठे, एकाच नळीतून वेगवेगळे बसतात. आमच्या रायफलीला मानवणारा लॉट महिनाभर गोळ्या झाडून शोधला होता, तोच बाजूला ठेवायला सांगितला होता. शेजारच्या जिल्ह्यातून खरेदी करू द्या, असा अर्जही केलाय. तो अजून टेबलावरच आहे.

दूध टेम्पोवाल्याची एक मुलगी पहाटे साडेपाचला येते. उरलेल्या एकाच पिस्तुलावर पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून तासभर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळीविना नेमाचा सराव, करते. झाडलेली प्रत्येक पुंगळी मोजून डब्यात टाकायची, ही आमच्याकडची शिस्त. त्या डब्यात सात आठवड्यांत एकही पुंगळी पडलेली नाही.

याच पॉइंट टू टूवर कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण आणलं, आणि कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं. त्यांची नावं घेऊन सत्कार करणाऱ्यांनी हेही बघावं. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळाडूंसाठी या काडतुसांची वार्षिक मर्यादा १,००० वरून ५,००० केली. म्हणजे गरज सरकारला मान्य आहे. पण विकणाराच नसेल तर त्या मर्यादेचं करायचं काय?

परवाना शाखा म्हणते तपास सुरू आहे, पोलिसांना विचारा. पोलीस म्हणतात परवाना शाखेला विचारा. वादातली काडतुसं पुरावा म्हणून राहू द्यात, एकही मागत नाही. पण पिस्तुलावर क्रमांक कोरलेला आहे आणि तोच आमच्या पावतीवर आहे. पंचनाम्यातून ते वेगळं काढून न्यायालयाच्या परवानगीने सुपूर्तनाम्यावर (मागितल्यावर परत हजर करायच्या लेखी हमीवर) आम्हाला द्यावं, आणि काडतुसं बाहेरून आणायच्या अर्जावर जिल्हाधिकाऱ्यांनी आठवडाभरात हो किंवा नाही एवढं तरी कळवावं.

स्पर्धेच्या प्रवेशिका महिनाअखेरपर्यंत द्यायच्या आहेत. तीन मुलांचे फॉर्म भरून माझ्या कपाटात ठेवलेत. पाठवू की नको, हे मला त्यांना सांगता येत नाही.

– एक निवृत्त क्रीडाशिक्षक